रोमन प्रांतांची नाणी आणि उत्तर कोकणातील नाणेसंग्राहक

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, रोमन प्रांतिक नाणी, पश्चिमी क्षत्रप, सातवाहन, कल्याण, सोपारा, नाणेनिधी

प्रस्तावना

प्राचीन नाण्यांचा संग्रह करणाऱ्यांमध्ये रोमन साम्राज्याच्या नाण्यांविषयी विशेष आकर्षण आढळते. गेल्या काही दशकांत मात्र रोमच्या मध्यवर्ती सत्तेने पाडलेल्या सोन्याचांदीच्या नाण्यांपेक्षा त्या साम्राज्याच्या प्रांतांतील शहरांनी स्वतः पाडलेल्या तांब्या-पितळेच्या नाण्यांकडे अभ्यासकांचे आणि संग्राहकांचे लक्ष अधिक वळलेले दिसते. ही नाणी तुलनेने स्वस्त असतात आणि त्यांच्यात वैविध्य अफाट असते. कल्याण, भिवंडी, सोपारा या पट्ट्यात राहणाऱ्या संग्राहकाला तर त्यांचे कुतूहल वाटणे अधिकच स्वाभाविक होय; कारण कल्याण आणि सोपारा ही दोन्ही बंदरे ग्रीक-रोमन जगाला नावानिशी ठाऊक होती आणि भिवंडी या दोहोंच्या मधल्या खाडीप्रदेशात वसलेली आहे.

या कुतूहलातून एक तर्क सहज केला जातो. आपल्या बंदरांत पाश्चात्त्य जहाजे येत होती. तेव्हा त्या जहाजांबरोबर तेथील शहरांची नाणीही आपल्या मातीत उतरली असली पाहिजेत. हा तर्क वरवर बिनतोड वाटला तरी तो टिकत नाही. तो का टिकत नाही आणि असे असूनही रोमन प्रांतिक नाण्यांचा अभ्यास येथील संग्राहकाला कोणत्या अर्थाने उपयोगी पडतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रांतिक नाणे म्हणजे काय?

ऑगस्टसने इ. स. पू. 27 पासून जी राज्यव्यवस्था उभारली, तिच्यात ऑरियस हे सोन्याचे आणि डिनेरियस हे चांदीचे नाणे मध्यवर्ती सत्तेच्या हाती राहिले. बाजारहाट, मजुरी, हमाली, स्नानगृहाचे शुल्क अशा रोजच्या व्यवहाराला लागणारे हलक्या धातूचे नाणे पुरविण्याचे काम मात्र पुष्कळ ठिकाणी स्थानिक शहरांकडे सोपविलेले किंवा सोडलेले होते. स्पेनसारख्या पश्चिमेकडील प्रांतांत ही प्रथा इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्यापर्यंत संपली. ग्रीक भाषक पूर्वेत ती तिसऱ्या शतकाच्या तिसऱ्या चरणापर्यंत जोमाने चालू राहिली आणि इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या टांकसाळीत ती डायोक्लेशियनच्या नाणेसुधारणेपर्यंत, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. या अवधीत पाचशेहून अधिक शहरांनी नाणी पाडली.

अशा नाण्याच्या दर्शनी बाजूवर बहुधा सम्राटाचे मस्तक आणि त्याभोवती ग्रीक लिपीत त्याचे नाव व उपाध्या असतात. ‘कैसार’, ‘सेबास्तोस’, ‘आउतोक्रातोर’ हे तीन शब्द ओळखता आले की निम्मे काम होते. मागील बाजू मात्र शहराची स्वतःची असते आणि खरी गंमत तेथेच आहे. एफिससच्या नाण्यांवर आर्टेमिस देवी व तिचे मंदिर येते. कप्पाडोकियातील सिझेरिया या शहराने आपल्या डोक्यावर उभा असलेला आर्गाइओस पर्वत शतकानुशतके नाण्यावर कोरला; तो पर्वत तेथील लोकांना दैवतासमान होता. फ्रिजियातील अपामिया या शहराच्या काही नाण्यांवर पेटीसारखी नौका, तीत उभे स्त्रीपुरुष आणि ‘नोए’ ही अक्षरे दिसतात. जलप्रलयातून वाचलेल्या नोहाची कथा आपल्याच परिसरातील आहे, असा त्या शहराचा दावा होता. साम्राज्य एक, सम्राट एक. परंतु नाणे उलटे केले की गावाचा अभिमान बोलू लागतो.

नाण्यावरील शहराचे नाव बहुधा षष्ठी विभक्तीच्या अनेकवचनात असते. ‘एफेसिओन’ याचा अर्थ ‘एफिससवासीयांचे’. नाणे कोणाचे, हे नाणेच सांगते. आपल्याकडील क्षत्रप व सातवाहन नाण्यांवरील प्राकृत लेखही षष्ठीतच आहेत. ‘नहपानस’ म्हणजे ‘नहपानाचे’. फरक इतकाच, की तेथे नाण्याचा स्वामी नगरातील लोक आहेत आणि येथे राजा. अर्थात भारतातही सातवाहनपूर्व काळात उज्जयिनी, एरण, त्रिपुरी अशा नगरांच्या नावांची नाणी निघाली होती. तेव्हा नगराने नाणे पाडण्याची कल्पना या भूमीला अगदीच परकी होती असे म्हणता येणार नाही.

ही नाणी कोकणात का उतरली नाहीत?

भारताशी होणाऱ्या रोमन व्यापाराचा मुख्य मार्ग इजिप्तमधून जात असे. माल नाईल नदीने वर नेऊन तेथून उंटांवरून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके आणि म्योस होर्मोस या बंदरांत येई आणि मोसमी वाऱ्यांच्या आधाराने जहाजे भरुकच्छाकडे किंवा मलबारच्या किनाऱ्याकडे निघत. म्हणजे भारतात येणारा व्यापारी ज्या प्रांतातून निघे, त्या प्रांताचे नाणे अलेक्झांड्रियाचे होते. पण इजिप्तची नाणेव्यवस्था बंदिस्त होती. तेथे बाहेरचे नाणे चालत नसे आणि तेथील हिणकस चांदीच्या चौपट ड्रॅक्मला प्रांताच्या सीमेबाहेर त्याच्या दर्शनी मोलाने कोणी विचारीत नसे. एफिसस किंवा अँटिओकच्या तांब्याच्या नाण्याची गोष्ट याहून वेगळी नव्हती. ज्या नाण्याचे मूल्य धातूत नसून स्थानिक विश्वासात असते, ते तो विश्वास संपताच थांबते.

परदेशी जाताना व्यापाऱ्याने म्हणूनच डिनेरियस आणि ऑरियस घेतले. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गदर्शिकेत भरुकच्छ येथील आयात मालाच्या यादीत इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळी यांच्या बरोबरीने सोन्याचांदीचे डिनेरियस येतात आणि स्थानिक नाण्याच्या बदल्यात त्यांवर नफा सुटतो, असेही तो नमूद करतो. नाणे हा येथे विनिमयाचा माल आहे. भारतामुळे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स साम्राज्याबाहेर जातात, ही प्लिनीची तक्रार याच प्रवाहाविषयी होती.

या प्रवाहाच्या खुणा दक्षिण भारतात भरपूर मिळतात. तमिळनाडू, केरळ आणि आंध्र-तेलंगणात ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या डिनेरियसांचे मोठमोठे निधी सापडले आहेत. पुदुक्कोट्टई येथे 1898 मध्ये मिळालेल्या 501 सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला होता. काही सुवर्णनाण्यांना दोन भोके पाडून ती गळ्यात घालण्याजोगी केलेली आहेत. मराठी घरांतील पुतळ्यांची माळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटू नये. पुतळी हीदेखील मुळात व्हेनिसच्या सुवर्णनाण्याचीच नक्कल होय. तेर येथे व तेलंगणातील कोंडापूर येथे तर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनी सम्राटाचा चेहरा मातीत घडवून दागिन्यात ओवला असावा.

महाराष्ट्रात मात्र प्रत्यक्ष रोमन नाणी दक्षिणेच्या मानाने फारच थोडी आढळतात. कोल्हापूरजवळच्या ब्रह्मपुरी येथे पोसायडनची काशाची मूर्ती मिळते, म्हणजे व्यापार होता याबद्दल शंका नाही. नाणी तेवढी नाहीत. याचे एक कारण असे सांगितले जाते, की दख्खनमध्ये आणि पश्चिम किनाऱ्यावर क्षत्रपांचे व पुढे सातवाहनांचे स्वतःचे चांदीचे चलन होते. तेव्हा आलेले डिनेरियस वितळवून त्यांतून स्थानिक नाणे पाडणे हेच सोयीचे होते. दक्षिणेत तशी व्यवस्था नसल्यामुळे रोमन नाणी जशीच्या तशी साठवली गेली. हे स्पष्टीकरण सर्वस्वी सिद्ध झालेले नसले तरी ‘पेरिप्लस’मधील नफ्याच्या उल्लेखाशी ते चांगले जुळते.

कल्याणविषयी त्या ग्रंथातील उल्लेख तर आणखी बोलका आहे. थोरल्या सारगनसच्या काळात कल्लिएना ही रीतसर बाजारपेठ बनली होती. परंतु सँडनेस याच्या ताब्यात ती गेल्यापासून तेथे व्यापाराला अडथळा झाला आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरुकच्छाकडे नेली जात, असे लेखक सांगतो. सारगनस हे सातकर्णी या नावाचे रूप असावे, असे सामान्यतः मानतात. म्हणजे भिवंडीच्या शेजारच्या या बंदराची नाकेबंदी झालेली होती आणि तिच्यामागे क्षत्रप-सातवाहन संघर्ष होता. येथील इतिहासाचा पाठपुरावा ज्याला नाण्यांतून करायचा आहे, त्याने रोमपेक्षा या संघर्षाकडे पाहणे अधिक फलदायी ठरते.

एका मुद्रेवर दुसरी मुद्रा

इ. स. 132 ते 135 या काळात जुडियात बार कोखबाच्या नेतृत्वाखाली रोमविरुद्ध उठाव झाला. बंडखोरांनी स्वतःची नाणी पाडली. पण त्यासाठी नवा धातू वितळवला नाही. चलनात असलेली रोमन नाणी त्यांनी घेतली. त्यांत डिनेरियस होते, अँटिओकसारख्या शहरांचे चौपट ड्रॅक्म होते आणि प्रांतिक तांब्याची नाणीही होती. त्यांवर त्यांनी आपला ठसा मारला. जेरुसलेमच्या पाडलेल्या मंदिराचे दर्शनी रूप आणि व्यवहारातून केव्हाच मागे पडलेल्या प्राचीन हिब्रू लिपीतील अक्षरे त्यांवर आहेत. अनेक नाण्यांत नव्या ठशाखालून सम्राटाचे नाक, हनुवटी किंवा ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावतात. प्रांतिक नाण्यांच्या संग्राहकांमध्ये या नाण्यांना मोठी मागणी असते.

असेच, आणि यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडलेले पुनर्मुद्रण नाशिक जिल्ह्याच्या मातीतून बाहेर आलेले आहे. सिन्नर तालुक्यात गोदावरीकाठी असलेल्या जोगलटेंभी या गावी 1906 मध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वृत्तांत प्रसिद्ध केला. निधीत सुमारे 13,250 नाणी होती आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा उमटविली होती. एका बाजूस तीन कमानींचे चैत्यसदृश पर्वतचिन्ह आणि राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह.

नहपानाचे मूळ नाणे स्वतःच एक संगमस्थान आहे. दर्शनी बाजूवर राजाचे मस्तक व त्याभोवती ग्रीक लिपीत लेख. पण भाषा ग्रीक नव्हे, प्राकृत. मागील बाजूवर बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिपींत ‘राजा क्षहरात नहपानाचे’ अशा अर्थाचा लेख. एका नाण्यावर तीन लिपी. वजनाची परंपरा इंडो-ग्रीक राजांकडून आलेली आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने ड्रॅक्म भरुकच्छात अजून चालतात, असे ‘पेरिप्लस’चा कर्ता सांगतोच. मस्तकाच्या घडणीवर रोमन डिनेरियसचा प्रभाव आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे रोमन नाणे येथे जसेच्या तसे राहिले नाही, तरी त्याचा चेहरा घडविण्याची रीत कदाचित राहिली. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती ग्रीक अक्षरे अर्थ हरवून केवळ नक्षीच्या रेघा बनतात. त्याच वेळी मस्तकामागे शक वर्षाचा आकडा आणि लेखात पित्याचे नावही येऊ लागते. त्यामुळे क्षत्रपांची वंशावळ जितकी नेमकी मांडता येते तितकी समकालीन दुसऱ्या कोणत्याही भारतीय घराण्याची क्वचितच येत असेल.

गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, हा दावा त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिक येथील लेखात आहे. परंतु राजप्रशस्तीतला दावा आणि वस्तुस्थिती यांत अंतर असू शकते. जोगलटेंभीच्या निधीने तो दावा तपासता आला. नहपानाची नाणी गौतमीपुत्राच्या ताब्यात प्रत्यक्ष आली होती आणि दोघांमध्ये कालाचे मोठे अंतर नव्हते, असा निष्कर्ष त्यातून दृढ झाला. शिवाय पुनर्मुद्रित न झालेली हजारो नाणी त्याच निधीत होती. म्हणजे जुने आणि नवे ठसे काही काळ बाजारात शेजारी शेजारी फिरत होते. हा दुसरा निष्कर्ष कोणत्याही एकट्या नाण्यावरून काढता येत नाही. तो तेरा हजार नाण्यांचा ढीग एकत्र पाहिला गेला, मोजला गेला म्हणून निघाला. तीच नाणी सराफांच्या मुशीत गेली असती किंवा एकेक करून विकली गेली असती, तर दोनदा ठसा मारलेले नाणे हे केवळ एक चमत्कारिक नाणे म्हणून उरले असते.

या चांदीच्या चलनाचा रोजच्या जीवनाशी संबंध कसा होता, तेही नाशिकच्याच लेण्यांत वाचता येते. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष 42 मधील लेखात 3,000 कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. पैकी 2,000 दरमहा शेकडा एक दराने आणि 1,000 दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज 240 कार्षापण होते आणि वर्षावासात लेण्यात राहणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यावेत असे लेख सांगतो. हिशेब तंतोतंत जुळतो. त्याच लेखसमूहात 35 कार्षापणांचा एक सुवर्ण असा दरही दिला आहे. हा सुवर्ण नेमका कोणता, याविषयी मात्र मतभेद आहेत. हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. भिवंडीसारख्या मागावर पोसलेल्या गावाला, विणकरांची श्रेणी ही त्या काळी ठेवी स्वीकारणारी पेढी होती, हे वाचून कौतुक वाटावे. उषवदाताच्या दानांच्या यादीत शूर्पारक आहे आणि ज्या नद्यांवर त्याने फुकट तर ठेवली, त्यांत डहाणूची नदीही आहे.

सोपाऱ्याचे एक नाणे

निधी मोठा असेल तरच तो बोलतो असे नाही. एप्रिल 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपारा येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नावाने ओळखली जाणारी टेकडी खणली. ती टेकडी म्हणजे स्तूप होता. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, काशाच्या आठ मूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे मिळाले. त्या नाण्यावर राजाचे मस्तक आहे आणि दोन बाजूंना दोन भाषांत लेख आहेत. एक प्राकृत, दुसरी दक्षिणेकडील द्राविडी वळणाची.

हे नाणे बाजारात मिळाले असते तर त्याची किंमत चेहरा किती स्पष्ट आहे यावर ठरली असती. पेटीत मिळाल्यामुळे ते कालमापक झाले. ही पेटी यज्ञश्रीच्या आधी बंद झालेली असणे शक्य नाही, हे त्या एका चांदीच्या चकतीने सांगितले आणि स्तूपाच्या सगळ्या चर्चेचा पाया घातला. भगवानलाल स्वतः मोठे नाणेसंग्राहक होते. त्यांचा संग्रह त्यांच्या इच्छेनुसार ब्रिटिश म्युझियमला गेला. क्षत्रप नाण्यांच्या अभ्यासात तो पुढे फार उपयोगी पडला.

विदर्भातील तऱ्हाळे येथील निधीचेही स्मरण येथे करावयास हवे. 1939 मध्ये मिळालेल्या या निधीतील सुमारे 1,600 सातवाहन नाणी पोटीन या मिश्र धातूची, खडबडीत आणि दिसायला अगदी सामान्य होती. वा. वि. मिराशी यांनी ती चिकाटीने वाचली आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारखे राजे प्रथम उजेडात आले. सौंदर्यासाठी नाणी जमविणाऱ्याने ती बहुधा हातातही घेतली नसती.

संग्रहाची शिस्त

तेव्हा उत्तर कोकणातील संग्राहकाकडे रोमन प्रांतिक नाणे येते ते विकतच येते. ते आपल्या मातीतून सुटून आलेले असते. त्याचा उपयोग नाही असे मात्र नाही. ते वाचायला शिकविते. सत्ता कोणाची, नगर कोणते, भाषा कोणती, वर्ष कोणते, वर दुसरा ठसा आहे काय, हे प्रश्न त्या नाण्यावर सरावाने विचारता येऊ लागले की क्षत्रप आणि सातवाहन नाणी अधिक नीट दिसू लागतात. अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर रोमन एल या अक्षरासारखी खूण आणि पुढे ग्रीक अक्षरांतील आकडा असतो; ते सम्राटाचे राज्यवर्ष. इजिप्शियन वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होत असल्याने जुलैत गादीवर आलेल्या सम्राटाचे दुसरे वर्ष दोन महिन्यांतच लागते. असे बारकावे ध्यानात घेतले नाहीत तर कालगणना चुकते. संदर्भासाठी बर्नेट, आमाँद्री आणि रिपोलेस यांच्या संपादनाखाली 1992 पासून निघू लागलेली ‘रोमन प्रॉव्हिन्शियल कॉइनेज’ ही खंडमाला प्रमाण मानली जाते. तिच्यातील सूचीचा मोठा भाग आता संगणकावर विनामूल्य पाहता येतो.

विकत घेताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. बाजारातील अनेक प्रांतिक नाणी तुर्कस्तान, सीरिया, बाल्कन प्रदेश येथे चोरट्या खोदकामातून आलेली असतात. तुर्कस्तानात तर जमिनीतून निघालेल्या पुरावस्तूंवर राज्याची मालकी आहे. नाण्याचा पूर्वेतिहास सांगता न येणारा विक्रेता टाळणे हा नियम कठोर वाटला तरी पाळण्याजोगा आहे. ओतीव बनावट नाण्यांचा प्रश्न वेगळाच. कडेने फिरणारी जोडरेघ, पृष्ठभागावरील बुडबुड्यांचे बारीक खळगे आणि विसंगत वजन ही त्यांची नेहमीची लक्षणे होत.

नाणे हाती आल्यावर त्याला चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावण्याची आपल्याकडील सवय घातक आहे. तांब्यावरची हिरवट-तपकिरी पुटी हे त्याचे संरक्षण असते. ती गेली की अक्षरेही जातात. शुद्ध पाण्यात दीर्घकाळ भिजविणे आणि मऊ लाकडी काडीने माती सोडविणे एवढेच बहुधा पुरते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांपेक्षा कागदी लिफाफा चांगला. त्यावर लिहिताही येते. वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास, दोन्ही ठशांची परस्पर दिशा आणि कोठे, केव्हा, कोणाकडून मिळाले ही नोंद त्यावर असावी.

जमिनीतील नाणी आणि कायदा

या शेवटच्या नोंदीचे महत्त्व भिवंडी परिसरात विशेष आहे. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख आहेत. लोनाड येथे लेणी व प्राचीन शिवमंदिर आहे. परंतु प्राचीन कल्याणचा बराचसा भाग आजच्या दाट वस्तीखाली गेलेला असल्याने तेथे विस्तृत उत्खनन जवळजवळ अशक्य आहे. उरतो तो भोवतालच्या गावांचा, खाडीकाठाचा प्रदेश. गेल्या दोन-तीन दशकांत भिवंडी तालुक्यात गोदामांची प्रचंड वाढ झाली असून भरावासाठी व पायासाठी जमीन यंत्राने उकरली जाते. यंत्राच्या फाळापुढे मातीचे मडके आणि त्यातील नाणी यांची गत काय होते, हे सांगावयास नको. जे हाती लागते ते बहुधा वजनावर विकले जाते.

1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम या बाबतीत अद्याप मूलभूत आहे. दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जमिनीत सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे आणि त्या सूचनेत निधीचे स्वरूप व अंदाजे मूल्य, सापडल्याचे स्थळ आणि दिनांक या गोष्टी द्याव्या लागतात. लिफाफ्यावरच्या नोंदीत स्थळ आणि दिनांक हवेत ते याच कारणाने. निधी बेवारस ठरला तर, अन्य करार नसल्यास, तीन चतुर्थांश भाग सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळू शकतो. माहिती दडविल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियमानुसार पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो.

जिल्हाधिकाऱ्यांना शासनाच्या वतीने निधी संपादन करता येतो. पण त्यापोटी द्यावयाची रक्कम 1878 च्या कायद्याने धातूचे मूल्य अधिक त्याचा एक पंचमांश अशी बांधून दिली आहे. सोन्याच्या बाबतीत ही रक्कम बरी असते. तऱ्हाळ्याच्या पोटीनसारखी किंवा शिशाची सातवाहन नाणी ज्याच्या फावड्याला लागली, त्याला मात्र या हिशेबाने भंगाराच्या भावापेक्षा फारसे अधिक मिळत नाही आणि बाजारातला खरेदीदार त्याच्या कितीतरी पट देऊ करतो. लेखी सूचना जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत क्वचितच पोहोचण्याचे एक कारण या तरतुदीत आहे.